मामेभावाचं ताट

माझ्या मामेभावाला तिखट सोसत नाही. तो जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण मामी हे आजही असंच सांगते, तो आत्ता परसातून हातपाय धुऊन येणार असल्यासारखं. पितृपक्षात तिच्या घरी सगळ्यांसाठी वडे तळले जायचे, कढी व्हायची, कोहळ्याची भाजी, तांदळाची खीर व्हायची. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्याच्या ताटात मात्र साबुदाण्याची पातळ पेज आणि वाटीभर ताक. त्या ताटावर मी बसायचो.

आमच्याकडे भाच्याचा मान मोठा. मामा वयाने कितीही थोरला असला तरी भाच्याच्या पाया तोच पडतो. पितृपक्षात गेलेल्या माणसासाठी कुणाला तरी पितर म्हणून पाटावर बसवतात, त्याचे पाय धुतात, कपाळाला गंध लावतात, आणि तो जेवला की गेलेला जेवला असं धरतात. घरात भाचा असेल तर दुसरं कुणी शोधावं लागत नाही. त्यामुळे मामेभाऊ गेल्यापासून दर वर्षी बालाघाटहून बैहरची बस पकडायची, तिथून बिरसा, आणि बिरसाच्या पुढे मामाचं गाव गाठायचं, हे काम माझ्याकडे आलं. मी कुरकुरायचो. सगळ्या घरात वड्यांचा घमघमाट आणि पितर बसलाय साबुदाणा गिळत. मामी वाढून झालं की भिंतीला टेकून उभी राहायची, एक शब्द बोलायची नाही, आणि ताट पुसून निघेपर्यंत हलायची नाही. तिच्या त्या बघण्याने मी भराभर ताट संपवायचो. पाटावरून उठलो की मी अंगणात मामाजवळ जाऊन वड्यांवर तुटून पडायचो आणि मामा म्हणायचा, "खाय बापू, आता तू तूच हायस."

मामेभाऊ मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीवर ठेकेदाराकडे कामाला होता. अंगाने दणकट, जेवायला बसला की भाताचा डोंगर करून मधे वरणाची विहीर खणणारा. मग त्याने अचानक काम सोडलं. लोकांना सांगितलं मूळव्याध आहे. खरं कारण असं की त्याला दिवसातून इतक्या वेळा जावं लागत होतं की कामावर टिकणं शक्य नव्हतं, आणि जाऊन आला की रक्त. हे त्याने घराबाहेर कुणाला सांगितलं नाही. पुरुषाने पोटाचं सांगावं, संडासाचं सांगू नये, अशी आमच्याकडची रीत. मी सुट्टीत गेलो की तो मला लोटा घेऊन नाल्याकडे जाताना दिसायचा, परत येताना दिसायचा, आणि मी चहा संपवेपर्यंत पुन्हा जाताना दिसायचा. आम्ही पोरं त्यावर हसायचो.

मग जंगलातून जडीबुटी आणणारा एक बाबा आला. त्याने नाडी धरली आणि पोटात गरमी आहे, आत जखम झाली आहे असं सांगितलं. आता मला वाटतं, आत जखम आहे एवढं त्या बाबाचं बरोबर होतं. पण पुढे तो म्हणाला की जखम सुकेपर्यंत अन्न बंद. दाणा पोटात गेला की जखम उघडते. साबुदाणा आणि ताक, बाकी काही नाही. मामीने ते ब्रह्मवाक्य मानलं. ती करारी बाई. धानाच्या मुलखातलं घर, कोठीत वर्षाचा तांदूळ, आणि पोराला भाताचं शीत दिसू दिलं नाही तिने. भात शिजला की भांडं उंच फळीवर. तो मागायचा. आधी चिडून मागायचा, मग गयावया करून, आणि शेवटी मागायचाच थांबला. त्याचे दंड काठीसारखे झाले तेव्हा त्याला गोंदियाला न्यायचं ठरलं, आणि गाडी सापडेपर्यंत तो गेला.

हे सगळं मी विसरलो नव्हतो, पण आठवतही नव्हतो. आठवायला लागलो ते स्वतःचं रक्त बघितलं तेव्हा.

मी बालाघाटला एका खाजगी शाळेत गणित शिकवतो. एका तासाला फळ्यावर समीकरण अर्धं सोडून मी पळालो, आणि परत आलो तेव्हा मुलं ज्या नजरेने बघत होती तीच नजर आम्ही मामेभावाकडे टाकायचो. पहिले काही महिने मीही मूळव्याधच म्हणत राहिलो. अख्खं जग वैद्य झालं. शाळेचा शिपाई म्हणाला कोरफड, हेडमास्तर म्हणाले बेलाचा मुरंबा, शेजारची बाई म्हणाली सकाळी अनशापोटी कच्च्या पालेभाज्यांचा रस, आणि आमचे एक नातेवाईक तर मोबाइलवर रोज एक नवा चमत्कार पाठवायचे. त्या पालकाच्या रसाने मला जो दिवस दाखवला तो मी वैऱ्याला दाखवणार नाही. शेवटी बायकोने माझं काही न ऐकता नागपूरची गाडी पकडायला लावली.

तिथे दुर्बीण घालून तपासलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, तुटक बोलणाऱ्या. मोठ्या आतड्याला सूज आहे, फोड आहेत, याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात, हा जन्मभर सोबत राहणारा आजार आहे पण दाबात ठेवता येतो. मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला असं होतं का? मी नाही म्हणालो. बाहेर येऊन बाकावर बसलो आणि बायको पाणी आणायला गेली तेव्हा मामेभाऊ येऊन शेजारी बसला. दिसला नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण लोटा खाली ठेवल्याचा आवाज झाला. मी उठलो, पुन्हा आत गेलो आणि म्हणालो, मामेभावाला होतं. त्या म्हणाल्या, काय उपचार घेतले? मी म्हणालो, साबुदाणा. त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात घर करून बसलं. खाणं सांभाळा, त्याने आतली आग कमी व्हायला मदत होते, पण आग विझवते ती गोळी, म्हणून बरं वाटलं तरी गोळी स्वतःहून बंद करायची नाही. आणि घाबरून जेवण तोडू नका. भात खा. मऊ खा, पण पोटभर खा. अंग उपाशी पडलं की या दुखण्याचं फावतं.

भात खा. एवढं सोपं.

तेव्हापासून माझं जेवण म्हणजे मामीच्या घरचं पितराचं ताट, फक्त साबुदाण्याच्या जागी भात. दुखणं उसळलेलं असेल तेव्हा गुरगुट्या भात, मुगाच्या डाळीचं वरण, सोललेला उकडलेला बटाटा, दुधी, पिकलेलं केळं. दूध बंद, मिरची बंद, कच्चा कांदा, सालं, बिया, देठं सगळं बंद. आजार शांत झाला की एकेक पदार्थ परत आणायचा, दोन नवे एकदम नाही, म्हणजे कोणी घात केला ते कळतं. मला वांगं चालत नाही, बायकोच्या आत्येभावाला हेच दुखणं आहे आणि त्याला वांगं चालतं पण गहू चालत नाही. ज्याचं त्याचं पोट वेगळं. तिखटजाळ सावजी रस्सा मी आता फक्त वासाने ओळखतो. जेवणाच्या वेळा पाळायच्या, झोप मोडायची नाही, सकाळी वैनगंगेच्या काठाने चालून यायचं. आणि चिडायचं नाही, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. हे शेवटचं माझ्याने होत नाही.

पण बाकी सगळं नीट पाळूनही मामेभाऊ पाठ सोडेना. आमच्या मुलखात भुतं चिंचेवर राहतात, नाल्याच्या वळणावर राहतात, खाणीच्या जुन्या खड्ड्यात राहतात. माझं संडासाच्या दाराशी राहतं. आत बसलो की बाहेर कुणीतरी आपली पाळी येण्याची वाट बघत उभं आहे असं वाटायचं. दाढी करताना आरशात गालाची हाडं वर आलेली दिसायची आणि ती माझी नसायची. सगळ्यात वाईट जेवताना. मऊ भाताचा पहिला घास तोंडात गेला की समोर तो बसलेला असायचा, आणि नुसता माझ्या हाताकडे बघायचा. मला भीती वाटायची, आणि खरं सांगतो, लाजही वाटायची. त्याला न मिळालेलं अन्न मी रोज दोनदा त्याच्यादेखत खात होतो.

हे मी आईला सांगायला नको होतं. आईने ऐकून घेतलं आणि एका दमात निष्कर्ष काढला, "त्याच्या पाटावर बसला, त्याच्याच ताटातलं खाल्लं, त्याचंच दुखनं लागलं तुले." मी समजावलं, हा लागणारा आजार नाही, ताटातून येत नाही. आई कुठली ऐकते. तिने मामीला फोन लावला. मामी तिची भावजय, आणि नणंदेने बोलायला मागेपुढे पाहायचं नसतं. "माह्या पोराले तुह्या पोराचं दुखनं देलं तू," असं ती म्हणाली. मी तिच्या हातून फोन काढून घेतला तोवर पलीकडून फोन ठेवलेला होता. त्या दिवशी मी आईवर जे ओरडलो ते ऐकून शेजारी बाहेर आले.

त्या वर्षी पितृपक्षात बोलावणं आलं नाही. मला वाटलं, बरं झालं, बसचा त्रास वाचला. पुढच्या वर्षी पितृपक्ष लागला आणि मामाचा फोन आला. मामा फोनवर नेहमी ओरडून बोलतो, त्या दिवशी हळू बोलत होता.

"बापू, तुही मामी अन्नाले शिवत नाही. मांगच्या सालापासून. साबुदाना अन् ताक, बस."

"काहून?"

"म्हनते, माह्या हातचं अन्न विषारी हाय. पोरालेबी बाधलं, भाच्यालेबी बाधलं. मले रांधून देते, तं तोंडाले फडकं बांधून रांधते. पितराले तं वाढतच नाही. आता उठता येऊन नाही राह्यलं तिले. तू ये बापू. नाही तं हेबी जाते."

मी लगेच हो म्हणालो नाही. माझं दुखणं तेव्हा शांत होतं, आणि शांत असलेल्याला डिवचायला मी धजत नव्हतो. बैहरच्या रस्त्यावर घाट आहे, जंगल आहे, आणि वाटेतल्या उकव्याला बस थांबली नाही तर माझी काय गत होईल हे मला कंडक्टरपेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण खरी भीती वेगळी होती. मामीला बरं करायचं तर तिला सांगावं लागणार होतं की दुखणं तुझ्या हातचं नाही. तो एक आजार आहे, त्याला औषध आहे, मी ते खातो आणि जगतो. आणि हे कळलं की पुढचा प्रश्न ती विचारणारच. त्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. ते तिला देण्यापेक्षा घाटात बस बंद पडलेली बरी.

बायको म्हणाली, "तुमचं पोट दुखलं तर गोळ्या आहेत. तिचं दुखलं तर कोण आहे? जा." आणि तिने डबा भरायला घेतला.

मामी आतल्या खोलीत बाजेवर होती. मी दारात उभा राहिलो आणि मला क्षणभर वाटलं तोच झोपलाय. तेच मनगट, त्याच गालाच्या खाचा, उशाशी ताकाचा गडू. मला बघून तिने पदर तोंडावर घेतला, तिचा श्वासही माझ्यापर्यंत पोचू नये म्हणून.

"काहून आला? जाय इथून."

देवळीजवळ भिंतीला पाट उभा करून ठेवला होता. मी तो घेतला, तिच्यासमोर मांडला आणि बसलो. ती धडपडत उठून बसली.

"उठ! उठ म्हनते ना! मरतं का माह्या डोळ्यादेखत?"

"मामी, हे ताटातून नाही आलं," मी म्हणालो. "तुह्या हातातून नाही आलं. रक्तातून येते काही काही घरात, डॉक्टर म्हनतात. मामाच्या अन् माह्या मायच्या रक्तातून आलं असंल. त्यालेबी, मलेबी. तू तं दुसऱ्या घरची, तुहा काय संबंध?"

मामा दारात उभा होता. त्याने हे ऐकलं आणि चौकट धरली. मामी त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळली. माझे दंड, माझा चेहरा, माझं थोडंसं सुटलेलं पोट, सगळं तिने नजरेने चाचपलं.

"मंग तू कसा चांगला हायस?"

"गोळ्या खातो. खानं सांभाळतो. रोज चालतो."

"काय खातं?"

"भात."

"भात?"

"मऊ भात. मुगाचं वरन. पोटभर."

बाहेर कोंबड्या कलकलत होत्या. तिने पदर खाली घेतला.

"ह्या गोळ्या त्याच्या वक्ताले होत्या?"

बसमध्ये येताना मी खोटं तयार करून आणलं होतं. नव्हत्या मामी, आत्ताच निघाल्यात. साधं, छोटं, कुणालाही पटेल असं. मामा तिच्या पाठीमागून माझ्याकडे बघून मान हलवत होता, नको, नको. पण पाटावर बसून खोटं बोलायची माझी छाती झाली नाही.

"होत्या," मी म्हणालो. "नागपूरले होत्या."

"अन् भात? चालला असता त्याले?"

"चालला असता."

मामा अंगणात निघून गेला. मला वाटलं, संपलं, ज्या बाईला वाचवायला आलो तिला मीच मारलं. मामी भिंतीला धरून उठली. मी हात द्यायला गेलो तर तिने बस म्हणून खूण केली. ती चुलीशी गेली. तांदूळ धुतल्याचा आवाज आला, लाकडं सारल्याचा आवाज आला. तोंडाला फडकं बांधलं नव्हतं. मी पाटावर बसून राहिलो. पाय बधिर झाले, उठावंसं वाटेना. आयुष्यात पहिल्यांदा तो आसपास आहे असं वाटूनही मला भीती वाटली नाही.

ती आली. माझे पाय धुतले, पदराने पुसले, कपाळाला गंध लावलं. ताट मांडलं आणि भाताचं भांडं मांडीशी धरून समोर बसली. आमच्याकडे पाटावरच्या माणसाशी गेलेल्याशी बोलावं तसं बोलतात, कुणी रडतं, कुणी भांडतं, कुणी राहून गेलेलं विचारतं. मामी इतक्या वर्षांत कधीच बोलली नव्हती. आता तिने भातात पळी घातली आणि ती तशीच धरून ठेवली. माझ्याकडे बघत होती पण मला बघत नव्हती.

"तुले भूक लागत होती ना रे?"

माझ्याकडे डॉक्टर बाईंची सगळी वाक्यं होती. तुझा दोष नव्हता, तुला माहीत नव्हतं, बाबाने सांगितलं तसं तू केलंस. ती माझी वाक्यं होती, भाच्याची. तिने विचारलं होतं दुसऱ्याला. आणि त्याचं उत्तर एकच होतं, ते त्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"हौ माय," मी म्हणालो. "लय भूक लागत होती. आता वाढ. अन् तूबी बस."

तिने वाढलं. मऊ, वाफाळलेला, पळीमागून पळी. मी हात आडवा केला नाही. मग तिने भांडं बाजूला ठेवलं, पुढे सरकली आणि माझ्याच ताटात समोरून हात घालून जेवायला लागली.